तिरक्या डोळ्याचं पाखरू

माझ्या लग्नातली पत्र्याची पेटी अजून आमच्या माजघरात आहे, आणि घरी येणारा प्रत्येक शहाणा माणूस तिच्यापुढे उभा राहून एकदा तरी हसतो. पेटीच्या झाकणावर भलं थोरलं पाखरू आहे. चोच केळ्यासारखी वाकडी, आणि त्या चोचीवर आणखी एक अर्धी चोच बसवलेली. मागे हिरवाकाळा अंधार, अंधारात उन्हाचे पिवळे ठिपके. इतकं देखणं काम, की बघणारा गप्प होतो. तेवढ्यात त्याला डोळा दिसतो. डोळा चुकलेला आहे. असायला हवा तिथून दोन बोटं वर, पार कपाळावर.

आमच्या घरच्यांनी एकदा मानोऱ्याच्या एका रंगाऱ्याला बोलावून आणलं होतं. बैलांच्या दमणीची चाकं रंगवणारा माणूस. म्हणाले, "डोळा तेवढा नीट करून देईल, पाच मिनिटांचं काम." मी त्या बिचाऱ्याला चहा पाजला आणि दारातून परत पाठवलं. आणि घरच्यांना सांगितलं, की पेटीला कोणी हात लावला तर मी माहेरी जाईन, आणि जाताना पेटीही घेऊन जाईन. ते हसले. मी हसले नाही, म्हणून मग तेही थांबले.

तेव्हापासून ही हकिकत एकदा लिहून ठेवावी असं मनात होतं. पेटी माझी असली तरी हकिकत जैतुनबीची आहे.

वाशीमच्या बाजारात निजामुद्दीन टिनवाल्याचं दुकान होतं. बादल्या, चाळण्या, घासलेटच्या चिमण्या, धान्याचे डबे आणि लग्नाच्या पेट्या. पुढे दुकान, मध्ये गोणपाटाचा पडदा आणि मागे घर. जैतुनबी ही निजामुद्दीनची सून. त्यांच्या घरातली बोली उर्दूची, पण बाजारात वागायचं म्हणून वऱ्हाडी सगळ्यांनाच यायची, आणि आमच्याशी जैतुनबी वऱ्हाडीच बोलायची. मला तिनं सगळं त्याच बोलीत सांगितलं, म्हणून मीही तसंच लिहिते.

पत्रा कापायचा, ठोकायचा आणि कथलाचा डाख देऊन जोडायचा हे पुरुषांचं काम. पेटी रंगवायची ती पडद्यामागे, बायकांनी. हिरवं रोगण, त्यावर लाल फुलं, कडेनं पांढरी वेल. गिऱ्हाईक म्हणायचं, "मियाँ, हात लय साजरा हाये तुमचा." निजामुद्दीन दाढीवरून हात फिरवायचा आणि सुनेची शाबासकी स्वतःच खिशात टाकायचा. माणूस वाईट नव्हता. पाच वेळचा नमाजी, शब्दाला पक्का. पण फुकटची शाबासकी कोण सोडतो?

जैतुनबीचा नवरा इस्माईल. त्याला लहानपणापासून एक नाद होता. डाख देताना कथील वितळतं, चांदीसारखं लकाकतं, ते तो बघत बसायचा आणि बापाला विचारायचा, "हे कुठून येते?" बाप म्हणायचा, "दुकानातून." मग कोणीतरी त्याला सांगितलं, की रंगूनच्याही खाली, मरगुईकडे, कथील जमिनीतून निघतं. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. धातूला मागणी होती, खाणी जोरात होत्या. अकोल्याचा एक मुकादम हत्यारं दुरुस्त करायला हुन्नरी माणसं गोळा करत होता. इस्माईलनं नाव दिलं. घरात कशाची कमी नव्हती. पोटासाठी नाही, निव्वळ बघायला म्हणून माणूस इतक्या लांब जातो, हे वाशीमच्या बाजाराला समजणंच शक्य नव्हतं. लोक म्हणाले, डोकं फिरलं.

युद्ध संपता संपता तो परत आला. वाशीमच्या बाजारात त्याच्याबरोबर काम केलेल्या एका माणसानं त्याला हाताला धरून बैलगाडीतून उतरवलं. खाणीत एक सुरुंग उडाला नव्हता. काय झालं म्हणून इस्माईल जवळ गेला, आणि तेव्हा उडाला. हातपाय शाबूत राहिले. दोन्ही डोळे गेले.

जैतुनबी तेव्हा विशी-बाविशीची. ती म्हणायची, "रडून घेतलं, मंग वाटलं, आला तं खरं." पण आला होता तो निम्माच. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. बोलायचा नाही. ताट पुढे सरकवलं तर दोन घास खायचा, नाहीतर तेही नाही. आणि एके दिवशी पहाटे तो अंथरुणात नव्हता. भिंती चाचपत चाचपत तो पद्मतीर्थ तलावाच्या पायऱ्यांपर्यंत गेला होता. कपडे धुणाऱ्या बायकांनी बघितलं आणि आणून पोचवला. त्या म्हणाल्या, "रस्ता चुकला वाट्टे बिचारा." जैतुनबीनं मान हलवली. तो रस्ता चुकला नव्हता हे तिला पुरतं ठाऊक होतं. त्या दिवसापासून ती दाराला आडवी झोपू लागली.

दिवसाचं काय करायचं हा प्रश्न होताच. म्हणून ती पेटी रंगवायचं काम मागच्या खोलीत, त्याच्या शेजारी घेऊन बसू लागली. त्या खोलीवर जुने पत्रे होते. आधी कुठल्यातरी छपरावर वापरलेले, खिळे काढून परत घातलेले, म्हणून भोकंच भोकं. उन्हाळ्याची दुपार. भोकांतून ऊन गळत होतं आणि पेटीवर, तिच्या हातावर, इस्माईलच्या पाठीवर ठिपके पडले होते. जैतुनबी वैतागली. आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "या ठिपक्यापायी रंगच समजून नाही राह्यला. कुठी हिरवा, कुठी पिवळा. काय करावं या उन्हाले?"

भिंतीकडून आवाज आला, "हालतात का?"

तिच्या हातातला ब्रश खाली पडला. कित्येक महिन्यांनी तो आपणहून बोलला होता.

"काय?"

"ठिपके. हालतात का?"

"थोडे थोडे हालतात," ती म्हणाली.

मग इस्माईल बोलू लागला. तिथल्या रानात ऊन जमिनीवर येतच नाही, म्हणाला. झाडावर झाड, त्यावर वेल, त्यावर आणखी झाड. खाली भरदुपारी दिवेलागणीसारखं. वरच्या पानांना भोकं असतात तेवढ्यातूनच ऊन येतं, ठिपक्याठिपक्यानं, आणि वारा आला की ते ठिपके झाडांच्या बुंध्यांवरून पळतात. एक पाखरू आहे, ते अंधारात बसलं की नुसतं काळं. पण उन्हाचा ठिपका पाठीवर पडला, की निळं होतं. असं निळं, की बघणारा हातातलं काम विसरतो. ठिपका सरकला की परत काळं. तो म्हणाला, "मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या त्या पाखरापायी."

जैतुनबीनं काही विचारलं नाही. बोललो तर हा थांबेल अशी तिला भीती वाटली. तिनं फक्त पुढ्यातल्या पेटीवरची लाल फुलं फडक्यानं पुसून टाकली. हिरव्या रोगणात काजळी घातली आणि सगळं झाकण काळोखं करून टाकलं. मग एक चपट्या डोक्याचा खिळा घेतला, पिवळ्या रंगात बुडवला आणि त्या काळोखावर टेकवत गेली. एकेक ठिपका. दुसऱ्या दिवशी कपड्यांची नीळ रोगणात कालवून तिनं काळ्या पाखराच्या पाठीवर तेवढाच निळा तुकडा काढला, जेवढ्यावर ठिपका होता.

आता हे त्याला दाखवायचं कसं? यावर तिनं जी युक्ती काढली, ती मला अजून नवलाची वाटते. रंगात भरपूर सफेदा घालून तिनं तो लोण्यासारखा घट्ट केला आणि पाखराची कड त्यानं काढली. वाळल्यावर ती रेघ उठून आली. मग तिनं इस्माईलचा हात धरून त्या रेघेवर ठेवला. त्याचं बोट रेघेवरून फिरलं. शेपटी, पाठ, मान. मान झाली तसा तो थांबला आणि म्हणाला, "मान आखूड काढली तू. कोंबडी करून ठेवली."

"तं सांगा मंग कशी असते!" ती म्हणाली. आणि रडलीसुद्धा, पण आवाज न करता, कारण त्याला कान होते.

असे त्यांचे दिवस सुरू झाले. तो सांगायचा, ती काढायची, तो बोटानं तपासायचा, ती पुसायची. दोरीसारख्या शेपटीचं पाखरू, पानासारखं हिरवं पाखरू. आणि सगळ्यात थोरला तो केळ्याच्या चोचीचा. इस्माईल म्हणायचा, तो उडाला की पंखांचा आवाज असा येतो, की लांबवर स्टेशनातून गाडी सुटत असावी. भस्स, भस्स, भस्स. जैतुनबी त्याला म्हणाली, "खोटं बोलून राह्यले तुमी. चोचीवर चोच कोणत्या पाखराले असते?" तो म्हणाला, "काढ तू. खोटं असलं तं माह्या माथी."

ती काढायची आणि काढता काढता स्वतःही तिथे जाऊन यायची. वाशीमच्या वेशीपलीकडे ती आयुष्यात गेली नव्हती. पण दुपारी त्या तापलेल्या पत्र्याखाली बसून ती सांगायची, की अंगाला गार लागतं.

हे सगळं सुरळीत चालेल असं वाटत असतानाच एका दुपारी निजामुद्दीन मशिदीतून परत आला आणि त्यानं ती पेटी बघितली. थोरल्या चोचीचं पाखरू जवळजवळ पूर्ण झालं होतं, फक्त डोळा राहिला होता. म्हातारा दचकला. फुलं-पानं ठीक, पण जिवंत प्राण्याची तसबीर? "सूनबाई, हे काय करून ठेवलं? कयामतीच्या दिवशी विचारतील, काढलं तं आता जीव घाल याच्यात. काय सांगशीन?" पण म्हातारा निर्दयही नव्हता. पोरगं बोलायला लागलं हे त्यानंही पडद्याआडून ऐकलं होतं. त्यानं विचार करून तोडगा काढला. म्हणाला, "असं कर. डोया नको काढू. डोये नसले तं त्यात जीव नाही. जीव नाही तं गुन्हाही नाही."

बोलून गेला. आणि मग त्याचं लक्ष गेलं, की इस्माईल तिथेच बसला आहे आणि त्याचा हात अजून पेटीवर आहे.

निजामुद्दीननं जीभ चावली, पण शब्द काही परत आला नाही. इस्माईलनं हात हळूच काढून घेतला. "बराबर बोल्ले अब्बा," एवढंच म्हणाला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढचे दिवस जैतुनबीला पहिल्यापेक्षा वाईट गेले. तेव्हा तो निदान गप्प होता, आता तो ठरवून गप्प होता. ती ठिपक्यांबद्दल बोलली, पाखरांबद्दल बोलली, मुद्दाम चुकीचं बोलली. काही नाही. रात्री ती दाराला आडवी झोपायची आणि झोपायचीच नाही. शेवटी तिनं अशी गोष्ट केली, जी त्या घरात कुठल्या सुनेनं केली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "अब्बा, पाखराचा गुन्हा तुमी वाचवला. तुमचा पोरगा हातचा जाऊन राह्यला, त्याले कोण वाचवन?"

म्हाताऱ्याला ती पेटी डोळ्यांसमोर नकोशी झाली म्हणून त्यानं ती उचलली आणि पुढे दुकानात ठेवून दिली. बाजाराचा दिवस होता.

आणि त्या दिवशी देवानं, म्हणा की अल्लानं, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची रामीबाई पाठवली.

रामीबाईला मी पुढे बघितलं आहे. हातात कोपरापर्यंत बांगड्या, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसानं वळून बघावं. लेकीच्या लग्नाचा बाजार करायला ती नवऱ्याबरोबर, हरिसिंगबरोबर, बैलगाडीनं आली होती. लेकही बरोबर होती. त्या सगळ्या लाल-फुलांच्या पेट्यांत तिला ती काळोखी पेटी दिसली आणि ती तिथेच खिळली.

"ऐ मियाँ! हे कोणतं पाखरू?"

"रंगूनकडचं हाये."

"मले पाह्यजे." मग ती वाकली. "आन् याचे डोये कुठी हायेत?"

निजामुद्दीन चुळबुळला. आमच्यात डोळे काढत नाहीत, वगैरे सांगू लागला. रामीबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवला. "म्हंजे अंधं पाखरू धाडू मी माह्या पोरीसंगं? सासरी तिले वाट कोण दाखोवन? तुमच्यात नसन चालत, आमच्यात तं चालते! डोया मी लावतो. पाप लागलं तं माह्यं." असं म्हणून तिनं लेकीचा चेहरा धरला, तिच्या डोळ्यातलं काजळ करंगळीवर घेतलं आणि पेटीवर झुकली. आणि बोट तसंच हवेत राहिलं.

"पण लावू कुठी? असलं पाखरू म्या जनमात पाह्यलं नाही. चोच कुठी सरते तेच समजून नाही राह्यलं."

निजामुद्दीन बघू लागला. त्यालाही समजेना. चोचीवर चोच, त्यामागे पिसांचा तुरा. पोपट असता, मोर असता तर कोणीही सांगितलं असतं. त्यानं पडद्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, "सूनबाई, कुठी असते डोया?"

पडद्यामागून जैतुनबी म्हणाली, "मले काय माईत, अब्बा? म्या कुठी पाह्यलं?"

तिला खरंच माहीत नव्हतं. डोळा काढायची वेळ आली तेव्हाच ते सगळं घडलं होतं आणि डोळ्याचं सांगायचं राहूनच गेलं होतं. त्या दुकानात, त्या बाजारात, अख्ख्या वाशीममध्ये ते पाखरू बघितलेला माणूस एकच होता, आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

निजामुद्दीन उठला. पडदा बाजूला करून आत गेला. जैतुनबी सांगायची, म्हाताऱ्याचा आवाज तिनं तसा कधी ऐकला नव्हता. "इस्माईल, बाहीर चाल बाप्पा. गिऱ्हाईक खोळंबलं. तुयाबिगर हे कोणालेच माईत नाही."

इस्माईल हलला नाही. मग म्हातारा म्हणाला, "म्या चुकीचं बोललो. चाल."

बापानं मुलाला हाताला धरून भरबाजारात, दुकानाच्या पुढच्या फळीवर आणून बसवलं. लोक बघत होते. इस्माईलनं पेटी चाचपली. बोट शेपटीवरून पाठीवर आलं, पाठीवरून मानेवर, मानेवरून चोचीच्या मुळाशी. तिथे ते थोडं मागे सरकलं आणि थांबलं.

"अठी," तो म्हणाला. "आन् खरा डोया काया नसते. लाल असते, गुंजीसारखा."

"माह्या पोरीचं काजळ कायंच हाये, कायंच लागन," रामीबाई म्हणाली आणि त्याच्या बोटाशेजारी करंगळी टेकवली. मग मागे सरकून तिनं बघितलं आणि अशी ओरडली, की हरिसिंग धावत आला. "पाह्यलं व माय! माह्याकडेच पाहून राह्यलं!"

आणि इस्माईल हसला. रंगूनहून आल्यापासून पहिल्यांदा. पडद्यामागे जैतुनबीनं वार्निशाची बाटली काढली आणि पेटी आत मागवली.

काजळ पुसू नये म्हणून तिनं मग त्या डोळ्यावर वार्निशाचा थेंब सोडला. निजामुद्दीननं त्यावरही थोडा विचार केला आणि वार्निश म्हणजे काही डोळा नव्हे असं ठरवून टाकलं.

तांड्यावरच्या लग्नात ती पेटी शेकडो माणसांनी बघितली, आणि रामीबाईच्या तोंडून सगळी कथाही ऐकली. मग तशा पेट्या मागायला गाड्या येऊ लागल्या. मानोऱ्याहून, मालेगावहून, आमच्या जऊळक्याहून. आणि प्रथाच पडली. पेटी घ्यायची तर नवरीच्या आईनं स्वतः यायचं, लेकीच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घ्यायचं, आणि इस्माईलमियाँ दाखवतील तिथे पाखराला लावायचं. सून काढणार, सासरा विकणार, आंधळा नवरा डोळ्याची जागा दाखवणार आणि डोळा देणार नवरीची माय. त्या घराचा गुन्हाही वाचला आणि माणूसही वाचला. बाजाराच्या दिवशी इस्माईल नवा सदरा घालून फळीवर बसायचा. बायका त्याला विचारायच्या, हे पाखरू खातं काय, राहतं कुठं? त्याचं सांगून संपायचं नाही. तलावाच्या पायऱ्यांकडे तो पुन्हा कधी गेला नाही. जैतुनबी मात्र कितीतरी वर्षं दाराला आडवीच झोपत राहिली. म्हणायची, "सवयच लागली."

माझं लग्न ठरलं ते पुढे बऱ्याच वर्षांनी, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात. माझ्या आईचं नाव प्रयागबाई. तिनं पेटी हिवाळ्यातच सांगून ठेवली होती. पेटी न्यायला आम्ही दोघी जऊळक्याहून बैलगाडीनं निघालो.

दुकानात जैतुनबी एकटीच बसली होती. सासरा केव्हाच गेला होता, त्याच्या मागे तिनं पडदा काढून टाकला होता. पत्रा कापायला एक पुतण्या होता. फळीवरची इस्माईलची जागा रिकामी होती. थंडीत छातीचं दुखणं झालं आणि आठ-दहा दिवसांत तो गेला, हे आम्हाला तिथे कळलं. आई म्हणाली, "माय व!" आणि फळीवर बसून तिचा हात धरून राहिली.

त्या दुपारी जैतुनबीनं आम्हाला हे सगळं सांगितलं. मी मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते आणि आई मला चिमटे काढत होती. जैतुनबी रडली नाही. म्हणाली, "लोकं म्हणत, नशीब फुटलं पोरीचं. त्याइचे डोये गेले ते वाईटच झालं, मी कायले खोटं बोलू? पण प्रयागबाई, ते धडधाकट येते, तं दोघायनंही जनमभर बाल्ट्याच केल्या असत्या. कथील कसं निघते ते सांगतलं असतं त्याइनं एकडाव, आन् इसरून गेले असते. मले एवढं मोठं रान कोणी दाखोलं असतं? या पत्र्याखाली बसल्या बसल्या? लय देल्लं त्याइनं मले. अल्लाचा शुकर हाये."

मग ती उठली आणि माझी पेटी पुढे आणली. तोच थोरल्या चोचीचा पक्षी, इस्माईल आजारी पडायच्या आधी त्यानं बोटानं तपासून पास केलेला. डोळा तेवढा आमच्यासाठी राखलेला.

आईनं माझ्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं. खरं तर आता विचारायची गरज नव्हती. ते पाखरू आमच्या तालुक्यात इतक्या घरांत पोचलं होतं, की त्याचा डोळा कुठे असतो ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आईनं नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "अठीच ना?"

"थांबा," जैतुनबी म्हणाली.

तिनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी पेटी चाचपली, शेपटीवर बोट ठेवलं आणि उठावाच्या रेघेवरून सावकाश पुढे नेलं. पाठ. मान.

"डोये मिटून काहून?" आईनं हळूच विचारलं.

"ते असेच शोधत. उघड्या डोयानं म्या दाखोलं, तं ते त्याइचं नाही होत."

बोट चोचीच्या मुळाशी आलं, तिथे चुकलं, आणि वर सरकलं. पार कपाळावर जाऊन थांबलं. "अठी," ती म्हणाली.

ते चुकलं होतं. मला दिसत होतं, मी तोंड उघडलं. आईनं माझ्याकडे असं बघितलं, की मी ते मिटलं. आणि आईनं, जिला माझ्या कपाळावरचं कुंकू केसभर सरकलेलं चालायचं नाही, तिनं जैतुनबीच्या बोटाशेजारी, कपाळावर, काजळाचं बोट टेकवलं.

जैतुनबीनं डोळे उघडले. बघितलं. तिचा चेहरा पडला. "या अल्ला, बिघडून टाकली म्या पोरीची पेटी," म्हणत तिनं फडक्याला हात घातला.

आईनं तिचं मनगट धरलं. "राहू दे व," ती म्हणाली. "इस्माईलमियाँनं दाखोला. तठीच हाये डोया."

जैतुनबीनं फडकं खाली ठेवलं, वार्निशाची बाटली घेतली, आणि त्या कपाळावरच्या डोळ्यावर एक थेंब सोडला.